भाज्याच्या पायऱ्या, आईंच्या चालीने

घरात सहलीचा बेत ठरू लागला की वडीलधाऱ्यांचे एक वाक्य ठरलेले असते : “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.” वाचकहो, आपण ज्येष्ठ असाल तर हे वाक्य आपण कधी तरी उच्चारले असेल; ज्येष्ठांची देखभाल करणारे असाल तर ते ऐकून मनातल्या मनात थोडे हायसेही वाटले असेल. या वाक्यामागे थकवा असतोच असे नाही. पुष्कळदा त्यामागे भीती असते : पडण्याची, आणि त्याहून अधिक, आपल्यामुळे इतरांना खोळंबावे लागण्याची.

आमच्या सासूबाई, घरातल्या सर्वांच्या ‘आई’, ७६ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. हाड यथाकाल जुळले. मनातला धसका मात्र गेला नाही. आधी त्यांचे भाजी आणायला जाणे थांबले, मग शेजारणीकडे जाणे, मग खालच्या बागेतला फेराही. चालणे घटले की पायांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याला भिऊन आपण घरी बसलो, तेच अधिक संभवते. हे चक्र आमच्या डोळ्यांसमोर फिरत होते.

हिवाळ्याच्या सुट्टीत कुठे जावे, असे नातीने या वेळी आजीलाच विचारले. आई क्षणभर थांबून म्हणाल्या, “भाजे. शाळेत असताना तळेगावहून आमची सहल गेली होती. पुन्हा काही जाणे झाले नाही.” भाज्याची लेणी डोंगराच्या कुशीत आहेत आणि तिथे पोहोचायला दीड-दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. माझ्या यजमानांच्या ओठांवर ‘नको’ आले होते. पण ‘आधी डॉक्टरांना विचारू’ असे ठरले.

डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब आणि गुडघे तपासून होकार दिला, तोही तयारीच्या अटीवर. आम्ही तीन आठवडे इमारतीच्या जिन्यावर सराव केला. आधी दहा पायऱ्या, मग एक मजला, मग दोन. आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आम्ही तेव्हा शिकलो. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. आणि चढताना सहज बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. वाक्य मध्येच तुटू लागले तर थांबावे. छातीत दुखणे, गरगरणे किंवा थांबूनही न शमणारी धाप लागली तर पुढे जायचे नाही आणि वैद्यकीय मदत घेण्यास उशीर करायचा नाही, हेही ठरवून ठेवले.

डिसेंबरातल्या एका सकाळी मोटारीने निघालो. मळवली मागे टाकून भाजे गावात शिरलो, तेव्हा भातकापणी होऊन खाचरे मोकळी झाली होती आणि माथ्यावर लोहगड-विसापूर स्पष्ट दिसत होते. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी गर्दी उसळते, पायऱ्या निसरड्या होतात. ज्येष्ठांनी तो काळ टाळावा. लेण्यांचे तोंड पश्चिमेकडे असल्याने सकाळी डोंगराची सावली वाटेवर असते. चढाईला तीच वेळ बरी. गावात चहा घेतला, स्वच्छतागृहाची सोय आधीच पाहून घेतली, आणि पाणी, थोडे खाणे व नेहमीची औषधे नातीच्या पिशवीत ठेवली.

सर्वांत पुढे आई, मागे आम्ही, हा क्रम नातीने ठरवला. तो महत्त्वाचा ठरला. तरुण माणसे पुढे गेली की मागच्याला त्यांना गाठायची घाई होते. वृद्ध माणूस पुढे असले की सर्वांची चाल आपोआप त्याची होते. आई पंधरा-वीस पायऱ्यांनी थांबत, काठीवर भार देऊन इंद्रायणीच्या खोऱ्याकडे पाहत आणि पलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी कुठे असावीत, याचा अंदाज बांधत. एकदा यजमान न राहवून म्हणाले, “आई, इथूनच परत फिरू या का?” त्या शांतपणे म्हणाल्या, “दमले की मी सांगेन. तू विचारत राहू नकोस.” त्यानंतर कुणी विचारले नाही.

वर पोहोचल्यावर समोर चैत्यगृहाची भव्य कमान उभी राहिली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदल्या गेलेल्या २२ लेण्यांतील हे मुख्य लेणे. उन्हाळलेल्या डोळ्यांनी लगेच आत शिरू नये. उतारवयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि ठेच तेव्हाच लागते. आम्ही उंबऱ्याशी थोडा वेळ थांबलो. हळूहळू स्तूप दिसू लागला, मग दुतर्फा अष्टकोनी खांब, मग छताला बसवलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. खांब आतल्या बाजूला कललेले पाहून आई हसल्या : “हेही माझ्यासारखेच वाकलेत.” नात म्हणाली, “वाकले नाहीत आजी, मुद्दाम तसेच घडवलेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब तिरपे लावत; त्याचीच ही दगडातली नक्कल.”

चैत्यगृहाच्या दक्षिणेला १४ लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशा भिक्षूंची नावे कोरलेली आहेत आणि त्या नावांना ‘थेर’ ही उपाधी आहे. थेर म्हणजे स्थविर, संघातला ज्येष्ठ. आई त्या स्तूपांपाशी बराच वेळ बसल्या. आपल्या वृद्धांच्या स्मृतीसाठी कुणीतरी एवढा कातळ खोदला, हे त्यांना फार मोलाचे वाटले.

त्याच बाजूला शेवटी एक विहार आहे. रथारूढ सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे तिथे आहेत. पुढची वाट ओबडधोबड दिसताच आई म्हणाल्या, “तुम्ही पाहून या आणि मला नीट सांगा.” नात त्यांच्याजवळ थांबली, आम्ही पाहून आलो आणि सांगितले.

वाचकहो, ‘तुम्ही जाऊन या’ हेच शब्द त्या घरीही म्हणत असत. फरक एवढाच की घरी ते भीतीने येत आणि इथे ते स्वतः वाट पाहून, पायांचा अंदाज घेऊन आले होते. आपल्या माणसाची मर्यादा आपण मायेपोटी घरीच ठरवून टाकतो, तेव्हा तिचे पाऊल नव्हे, तिचा निर्णय आपण काढून घेत असतो. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, तयारी करावी, सोबत राहावे. कुठे थांबायचे हे मात्र त्या माणसाला ठरवू द्यावे.

उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून चढण्याइतकाच वेळ उतरण्यासाठी राखून ठेवला होता. पायथ्याशी पिठले-भाकरी जेवलो. दुसऱ्या दिवशी आईंच्या पोटऱ्या दुखत होत्या. शेक घेऊन त्यांनी दिवसभर आराम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या काठी घेऊन खालच्या बागेत गेल्या. कुणी सोबत येते का, असे त्यांनी विचारले नाही. अर्ध्या तासात येते, असे सांगून गेल्या.

आपल्या घरी पुढचा बेत ठरेल तेव्हा ‘येता का?’ असे विचारण्याऐवजी ‘कुठे जाऊ या?’ असे विचारून पाहा. उत्तरात एखादे जुने गाव येईल, एखादे देऊळ, एखादा घाट. मग हाताशी एक-दोन महिने ठेवून जिन्याच्या पहिल्या दहा पायऱ्यांपासून तयारीला लागा.