ख्रिसमसला प्राग? चला, पण २४ तारीख सांभाळून!

डिसेंबर उजाडला की ऑफिसात एचआरचा मेल येतो, उरलेल्या रजा ३१ तारखेच्या आत संपवा, नाहीतर गेल्या! मग लंच टाइममध्ये एकच विषय. गोव्याचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "अरे, एवढ्यात तर युरोप होईल!" होत नाही, हा भाग वेगळा. पण युरोप एकदा डोक्यात बसला की बसला. त्यातून ज्यांनी २०११मध्ये ‘रॉकस्टार’ बघितला, त्यांच्या मनात जुने पूल, दगडी गल्ल्या आणि ओव्हरकोटातला रणबीर कधीचा घर करून बसलेला असतो. त्यांना दुसरं शहर सुचवून काही उपयोग नाही. प्राग म्हणजे प्राग!

तर पहिली गोष्ट. बर्फाची खात्री नाही. फोटोत दिसतं तसं पांढरंशुभ्र प्राग ख्रिसमसला क्वचितच मिळतं. मिळते ती शून्याच्या आसपासची ओली, हाडं गारठवणारी थंडी, आणि दुपारी चारला मावळणारा सूर्य. मोजे चांगले घ्या, बूट त्याहून चांगले घ्या. दगडी फरशांवरून दिवसभर चालायचं असतं आणि थंडी पायांतूनच वर चढते.

दुसरी गोष्ट कुठल्याही ब्रोशरमध्ये ठळक छापलेली नसते. प्रागमध्ये ख्रिसमस दोन असतात. एक चौकातला, दिव्यांचा आणि गरमागरम वाइनचा, तुमच्या-आमच्यासाठी मांडलेला. दुसरा घरातला, दार लावून घेतलेला. आणि हा दुसरा २५ला नसतो, २४ला असतो! २४ डिसेंबरला चेक लोक म्हणतात ‘श्तेद्री देन’, म्हणजे उदार दिवस. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कसं, माणूस असेल तिथून घर गाठतो, तसंच. मोठी दुकानं कायद्यानंच दुपारी बाराला बंद होतात ती थेट २७ला उघडतात. रेस्टॉरंटं शटर ओढतात. ट्रॅम तुरळक होतात. साडेपाच-सहाला गल्ल्यांत चिटपाखरू नसतं, आणि खिडक्यांमधून पिवळा उजेड आणि तळणाचा वास येत असतो. हजारो किलोमीटर उडून, लाखभर रुपये मोजून आलेला आपला माणूस नेमका त्या वेळी हॉटेलच्या खोलीत चिप्स खात बसतो. असे कितीतरी भेटतात, सगळे वैतागलेले!

ही संध्याकाळ वाया जाऊ द्यायची नसेल तर तयारी चार-पाच दिवस आधीपासून करावी लागते. तयारी म्हणजे हिंडणं, खाणं आणि खरेदी. कठीण काहीच नाही.

चौकातली चंगळ

सुरुवात अर्थातच ओल्ड टाऊन स्क्वेअरवर. १४१० सालचं ते सुप्रसिद्ध खगोलीय घड्याळ, दर तासाला खिडकीतून डोकावणारे बारा प्रेषित, भलंमोठं ख्रिसमस ट्री, लाकडी टपऱ्या. नोव्हेंबरच्या शेवटापासून ६ जानेवारीपर्यंत हा बाजार चालतो, २४ आणि २५लाही. गर्दी दादर स्टेशनला लाजवेल अशी. एक संध्याकाळ द्या, फोटो काढा. हातात ‘स्वार्झाक’चा ग्लास हवाच, म्हणजे लवंग-दालचिनी घालून उकळलेली रेड वाइन. नाकाचा शेंडा परत जागेवर येतो.

पण पाकीट सांभाळून. मोठ्या सळीवर भाजत ठेवलेला हॅम दिसला की पाटीवरचा भाव नीट वाचा. तो बहुतेकदा १०० ग्रॅमचा असतो आणि कापणारा तुमच्या ताटात आरामात ३०० ग्रॅम टाकतो! आणि ते त्र्देल्निक. नळकांड्यासारखी साखर लावलेली रोटी, आत आइस्क्रीम. ‘जुनी चेक परंपरा’ म्हणून विकतात. परंपरा-बिरंपरा काही नाही. ते मूळचं स्लोव्हाकिया-हंगेरीकडचं, आणि प्रागच्या गल्लीगल्लीत शिरलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. आवडलं तर खा, गरम असतं, पण इतिहास चघळतोय असं समजू नका.

खरा प्रागकर बघायचा असेल तर मेट्रोची हिरवी लाइन पकडून ‘नामेस्ती मीरू’ला उतरा. नावाचा अर्थ शांतता चौक. दोन उंच मनोऱ्यांचं सेंट लुडमिला चर्च, त्याच्यासमोर आटोपशीर बाजार. इथे ऑफिस सुटल्यावर लोक बॅगा खांद्याला लावून उभ्या-उभ्या गप्पा मारतात. भावही जरा माणसांत असतात.

तुमचा दौरा लवकरचा असेल, तर ५ डिसेंबर चुकवू नका. त्या संध्याकाळी रस्त्यांवर तिघातिघांची टोळकी फिरतात: लांब दाढीचा मिकुलाश म्हणजे सेंट निकोलस, पंखवाली परी आणि साखळ्या खुळखुळवणारा चेर्त, म्हणजे सैतान. लहान मुलांना थांबवून विचारतात, वर्षभर नीट वागलास का? पोरगं घाबरत घाबरत कविता म्हणतं आणि चॉकलेट मिळवतं. वांड असेल तर कोळसा नाहीतर बटाटा! सैतान झालेले बहुतेक कॉलेजची पोरं असतात आणि सगळ्यात जास्त मजा तेच करत असतात.

आणि एक फुकटातली गंमत. अ‍ॅडव्हेंटच्या दिवसांत, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत, संध्याकाळी चार्ल्स ब्रिजवर जुन्या वेशातला दिवेवाला येतो आणि लांब काठीनं पुलावरचे गॅसचे दिवे एकेक करून लावत जातो. खाली व्लतावा नदी, समोर किल्ला. गप्प उभं राहून बघा.

बाथटबमधला पाहुणा

२० तारखेच्या सुमाराला फुटपाथवर मोठमोठे निळे टब दिसायला लागतात. आत जिवंत मासे. रबरी एप्रन लावलेले लोक, बाजूला काटा, लांबलचक रांग. हा कार्प. आपल्या रोहू-कटल्याच्या खानदानातला. चेक ख्रिसमसचं मुख्य पान याच्याशिवाय वाढलंच जात नाही.

कुठून येतात एवढे मासे? देशाच्या दक्षिणेला त्र्शेबोन नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. तिथली तळी माणसांनी खणलेली, काही चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची. त्यातलं सगळ्यात मोठं रोझंबेर्क, याकुब क्रचीन या पठ्ठ्यानं १५९०मध्ये पुरं केलं आणि ते अजून चालू आहे! शरद ऋतूत तळ्याचं पाणी सोडतात, जाळी ओढतात, आणि डिसेंबरात तेच मासे प्रागच्या नाक्यावर.

जुनी पद्धत अशी की मासा जिवंतच घरी आणायचा आणि २४पर्यंत न्हाणीघरातल्या टबमध्ये सोडायचा. घरच्यांच्या आंघोळी बंद! पोरं त्याला नाव ठेवणार, पाव भरवणार, आणि २४ला बाबांनी हातोडी काढली की भोकाड पसरणार. चाळिशीपुढच्या कुठल्याही चेक माणसाला विचारा, त्याच्याकडे ही गोष्ट असतेच. हल्ली बरेच लोक तिथल्या तिथे मारून, कापून घेतात. काही जण दया येऊन मासा नदीत सोडतात, पण तळ्यात वाढलेला तो जीव थंड वाहत्या पाण्यात बहुधा मरतोच. म्हणून जाणकार दरवर्षी हात जोडून सांगतात, सोडू नका.

चव? खरं सांगू, पापलेट-सुरमईवर वाढलेल्या माणसाला पहिला घास जरा चिखलाळ लागतो, आणि काटे म्हणाल तर विचारू नका. पण ब्रेडक्रम्स लावून तळलेला, सोबत मेयॉनीज आणि लोणच्यातली काकडी घातलेलं बटाट्याचं सॅलड, असा समोर आला की दुसरा घास आपोआप जातो. घरोघरी ताटाखाली माशाचा एक खवला ठेवतात आणि नंतर तो पाकिटात जपतात. वर्षभर पैसा टिकतो म्हणे.

शाकाहारी मंडळी, इतक्यात पान उलटू नका. ‘कुबा’ नावाचा पदार्थ आहे, बार्ली आणि वाळवलेल्या जंगली मश्रूमचा. लसूण सढळ हातानं, वर मार्जोरम. तोही खास २४ तारखेचा. फक्त चरबी घातलीय का, तेवढं विचारून घ्या. आणि ‘त्सुक्रोवी’ म्हणजे तर हुबेहूब आपला फराळ! व्हॅनिलाचे अर्धचंद्र, जॅम भरलेली बिस्किटं, असे दहा-बारा प्रकार बायका (आणि आता पुरुषही) आठवडे आधी करून डब्यांत भरतात. शेजारीपाजारी डबे फिरतात, कुणाचं बिस्किट तोंडात विरघळलं यावर टिप्पण्या होतात. मिठाईच्या दुकानात, म्हणजे ‘त्सुक्रार्ना’त, हे वजनावर मिळतं.

२४ची संध्याकाळ

हॉटेलऐवजी किचन असलेली खोली घेतली असेल तर तुम्ही जिंकलात. २३लाच माशाचे तुकडे, तयार सॅलड, पाव किलो त्सुक्रोवी आणून ठेवा. बाहेरच जेवायचं असेल तर बुकिंग महिनाभर आधी.

दुपारी ओल्ड टाऊन स्क्वेअरवर जा. प्रागचे महापौर स्वतः डाव हातात घेऊन लोकांना माशाचं सूप वाढतात, फुकट. गेली कित्येक वर्षं चाललेली पद्धत आहे. त्या साली किती वाजता आहे ते शहराच्या वेबसाइटवर बघून घ्या आणि रांगेत पुढे राहा, पातेलं पटकन संपतं.

मग चर्च. यात श्रद्धेचा प्रश्न नाही. चेक लोक युरोपातल्या सगळ्यात निधर्मी लोकांपैकी. २०२१च्या जनगणनेत जवळपास निम्म्या लोकांनी आपण कुठलाच धर्म मानत नाही असं नोंदवलं. पण २४ला हेच लोक चर्चमध्ये दाटीवाटीनं उभे असतात, कारण त्यांना ‘रिबा’ ऐकायचा असतो. याकुब यान रिबा, एका छोट्या गावातला शाळामास्तर. त्यानं १७९६मध्ये ख्रिसमसचा मास रचला, तोही लॅटिनमध्ये नाही, चक्क चेक भाषेत. मध्यरात्री एक मेंढपाळ आपल्या मालकाला उठवतो, इथून सुरुवात. गावच्या गोष्टीसारखं, नाचरं संगीत. १८१५मध्ये या मास्तरानं आत्महत्या केली. आज त्याच्याशिवाय चेक ख्रिसमस होत नाही. आणि योगायोग बघा, चेक भाषेत ‘रिबा’ म्हणजे मासा!

चर्चच्या दारावर वेळापत्रक लावलेलं असतं. ‘मिडनाइट’ मास कुठे बाराला, कुठे दहालाच असतो. अर्धा-पाऊण तास आधी पोचा, कोट काढू नका, आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो.

खोलीवर परतलात की घरगुती खेळ करून बघा. सफरचंद आडवं कापा, आत चांदणी दिसली की वर्षभर तब्येत ठणठणीत. अक्रोडाच्या करवंटीत इवलीशी मेणबत्ती लावून पाण्यात सोडा, जिची होडी काठ सोडेल ती दूरदेशी जाणार. आणि लग्नाळू मुलींसाठी खास, दाराकडे पाठ करून बूट खांद्यावरून मागे फेकायचा. टोक दाराकडे आलं तर वर्षात लग्न! (बूट बाटाचा असेल तर उत्तमच. आपण ज्याला जन्मभर देशी समजत आलो तो बाटा मूळचा चेक, १८९४ साली झ्लीन गावात सुरू झालेला. वेन्सेस्लास चौकातली त्याची १९२९ची काचेची इमारत दिवसाउजेडी बघून घ्या.)

सांता नव्हे, बाळ

एव्हाना लक्षात आलं असेल, या सगळ्यात सांताक्लॉज कुठेच नाही. भेटवस्तू आणतो तो ‘येझीशेक’, म्हणजे बाळ येशू. तो कुणालाच दिसत नाही. जेवणं झाली की घंटी वाजते, पोरं झाडाकडे धावतात. १९५२च्या ख्रिसमसला कम्युनिस्ट पंतप्रधान झापोतोत्स्की यांनी भाषणात मुलांना सांगून टाकलं की येझीशेक आता म्हातारा झालाय, त्याला दाढी आलीय आणि तो रशियन ‘आजोबा हिम’ झालाय! मुलांनी ऐकलं नाही. आजोबा गेले, राजवट गेली, बाळ आहे तिथेच आहे.

तिथेच म्हणजे शब्दशः. २५ला सकाळी शहर झोपलेलं असतं, तेव्हा २२ नंबरच्या ट्रॅमनं कार्मेलित्स्का रस्त्यावर जा. चर्च ऑफ अवर लेडी व्हिक्टोरियस. उजव्या बाजूच्या संगमरवरी वेदीवर काचेत जेमतेम ४७ सेंटिमीटरची मेणाची मूर्ती. स्पेनहून आलेली, १६२८मध्ये पोलिक्सेना लॉब्कोविट्झ या सरदार घराण्यातल्या बाईनं कार्मेलाइट साधूंना दिलेली. सणावारानुसार तिचे कपडे बदलतात, ख्रिसमसला पांढरे. वरच्या छोट्या म्युझियममध्ये देशोदेशीच्या भक्तांनी पाठवलेले झगे आहेत, त्यात सम्राज्ञी मारिया तेरेझाचा हिरवा झगाही.

मूर्ती ओळखीची वाटली ना? वाटणारच. नाशिकरोडला फेब्रुवारीत ज्याच्या यात्रेला गाड्या भरभरून लोक जातात, नवस बोलतात, तो बाळ येशू याच मूर्तीचं रूप. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या, मावश्या तिथे मेणबत्ती लावून आल्यात, त्यांच्यातल्या अनेकींनी प्रागचं नावही ऐकलेलं नसेल. बाहेरच्या काउंटरवर मूर्तीची छोटी चित्रं मिळतात. दोन-चार घ्या, फ्रिज मॅग्नेटपेक्षा जास्त खपतील. आणि पैसे युरोत नाही, कोरुनात काढा. चेक लोकांनी अजून युरो घेतलेला नाही.