तासाभराचा प्रवास

माझा धाकटा भाऊ इम्रान कुवेतला नोकरी करतो. दोन वर्षांतून एकदा त्याला महिनाभराची रजा मिळते. २०२४ च्या डिसेंबरात तो घरी येणार होता. तीन महिने आधीच त्याचा फोन आला.

"आपा, या वेळी आपण सगळे मिळून क्रूझवर जाऊ. कोणालाही मागे ठेवायचे नाही. खर्चाची काळजी करू नकोस. जहाज मात्र तू निवड."

क्रूझ म्हणजे सहलीचे मोठे जहाज. राहणे, जेवणे, खेळणे सारे त्या जहाजावरच. ही बातमी ऐकून घरात आनंदीआनंद झाला. मुलांनी तर त्याच दिवशी कागदाची जहाजे करून बादलीत सोडली.

"सगळे" म्हणजे आम्ही बारा माणसे आणि चार पिढ्या. सर्वांत मोठे आमचे दादा. मराठीत मोठ्या भावाला दादा म्हणतात. आमच्या घरात दादा म्हणजे अब्बांचे वडील. त्यांचे वय ८६ वर्षे. सर्वांत लहान माझा भाचा अदनान. तो सहा वर्षांचा.

इतक्या माणसांसाठी एक जहाज निवडणे सोपे नव्हते. बी.एड. करताना आम्हांला शिकवले होते, की पाठ तयार करण्याआधी वर्गातील मुलांची ओळख करून घ्यावी. मी तेच करायचे ठरवले. एका वहीत बारा नावे लिहिली आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाची गरज लिहिली. अब्बांना मधुमेह आहे. त्यांना वेळेवर जेवण हवे. अम्मीचे गुडघे दुखतात. तिला जिने नकोत. शिवाय जेवण हलाल आहे का आणि नमाजाला जागा मिळेल का, हे तिने दोनदा विचारले. चाचा रात्री मोठ्याने घोरतात. त्यांची खोली जरा लांब हवी. माझ्या सनाला आणि अदनानला पोहण्याचा तलाव हवा. दादांच्या नावापुढे मी लिहिले, 'चाकांची खुर्ची'. ते मी त्यांना न विचारताच लिहिले, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही.

मग चौकशी सुरू केली. मुंबईहून गोव्याला जाऊन दोन-तीन दिवसांत परत येणारी सहल होती. लक्षद्वीपपर्यंत जाणारी त्याहून मोठी सहलही होती. चौकशी करता करता मला पुष्कळ नवे कळले. जहाजाच्या मधल्या भागातील आणि खालच्या मजल्यावरील खोल्यांना हेलकावे कमी बसतात. ज्यांना बोट लागते, त्यांनी तीच खोली घ्यावी. बिनखिडकीची खोली स्वस्त, खिडकीची महाग आणि सज्जा असलेली त्याहून महाग. चाकांची खुर्ची आत जाईल अशा रुंद दाराच्या खोल्या मोजक्याच असतात. त्या आधीपासून सांगून ठेवाव्या लागतात.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची आहेत. त्यांच्या भोवतीचे पाणी उथळ आहे. म्हणून मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. हलत्या होडीत पाय टाकणे अम्मीला कसे जमणार? मी वहीतील लक्षद्वीपवर काट मारली. गोव्याची सहल उरली.

तिकिटांसाठी सर्वांची ओळखपत्रे हवी होती. मी एकेकाचे ओळखपत्र गोळा करू लागले. दादा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्याकडे मागितले, तेव्हा ते म्हणाले, "माझे नाव काढून टाक, बेटी. तुम्ही सगळे जा. मी घर राखीन."

मी अब्बांना सांगितले. ते म्हणाले, "वय झाले आहे त्यांचे. दगदग नको वाटत असेल." इम्रानला फोन केला, तर तो म्हणाला, "मग तीन दिवस फुफूकडे राहतील. तेथे त्यांची नीट काळजी घेतील." कोणालाही मागे ठेवायचे नाही, असे म्हणणारा हाच इम्रान! पण मी तरी काय वेगळे केले? दादांच्या नावावर काट मारण्यासाठी मीही वही उघडली होती.

पेन हातात धरले आणि मला एक गोष्ट आठवली.

आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यात, रेवस बंदराजवळ आहे. मुंबईहून रेवसला जाण्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून लाँच असे. आम्ही सगळे लहानपणापासून लाँचनेच गावी जात होतो. दादा मात्र पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे शंभर किलोमीटरांचा वळसा घेऊन एस.टी.ने येत. आम्ही गावी पोहोचून, जेवून, खेळून दमत असू, तेव्हा कोठे दादा हातात पिशवी घेऊन दारात दिसत. "मला बोट लागते," असे ते सांगत. आम्ही ते खरे मानले होते. पण बोट लागणारा माणूस एकदा तरी बोटीत बसलेला असतो. दादांना बोटीत बसलेले आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

रात्री जेवण झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. अदनानही माझ्या मागोमाग आला. मी विचारले, "दादा, खरे कारण सांगा. तुम्हांला यायचे का नाही?"

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूहळू सांगू लागले.

"१९४७ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. माझे अब्बा मुंबईला गोदीत काम करत. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. ते रोज्यांसाठी घरी येणार होते. येताना खजूर आणि माझ्यासाठी नवी टोपी आणणार होते. पावसाचे दिवस होते. मी सकाळीच रेवसच्या धक्क्यावर जाऊन बसलो. बोटीचे नाव होते रामदास."

रामदास बोटीचे नाव मी ऐकले होते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दर्या खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट एका बाजूला कलली. घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट उलटली. काही मिनिटांत ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. ही हकिगत मी पुस्तकात वाचली होती. त्या बोटीत आमच्या घरातले माणूस होते, हे मात्र मला माहीत नव्हते.

"बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते," दादा म्हणाले. "बोट बुडाली, तरी मुंबईत कोणाला कळले नाही, रेवसला कोणाला कळले नाही. मी आपला धक्क्यावर बसून वाट पाहत होतो. पाऊस पडत होता. आमच्या भागातले कोळी मासळी विकायला मुंबईकडे निघाले होते. त्यांना पाण्यात माणसे दिसली. त्यांनी आपली मासळी दर्यात फेकून दिली आणि होड्यांत माणसे भरून घेतली. पुष्कळांचे प्राण वाचले. त्या माणसांत मी अब्बांना शोधत होतो. ते सापडले नाहीत. त्यांचा देहही मिळाला नाही. त्यांची कबर कोठेच नाही, बेटी."

अदनानने विचारले, "मग तुमची टोपी?"

दादा हसले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "ती दर्याकडेच राहिली."

उर्दूत नदीला दरिया म्हणतात आणि मराठीत समुद्राला दर्या. वर्गात हा फरक सांगताना मुलांना गंमत वाटते. त्या रात्री दादांच्या तोंडून तो शब्द ऐकला, तेव्हा मला काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ही हकिगत इम्रानला सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने दादांना फोन द्यायला सांगितले. "दादा, आताची जहाजे तशी नसतात," तो समजावू लागला. "घाबरण्यासारखे काही नाही."

दादा शांतपणे म्हणाले, "बेटा, मला दोनच गोष्टी सांग. जहाजावर बिनतारी यंत्र आहे का? आणि जीवरक्षक जाकिटे माणसे मोजून ठेवली आहेत का?"

इम्रानला उत्तर देता आले नाही. मलाही आले नसते. तीन आठवडे मी चौकशी करत होते. खोल्या, जेवण, तलाव, सज्जा, सगळे विचारले होते. हे दोन प्रश्न माझ्या वहीत नव्हते. वर्गात चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी कधी "घाबरू नकोस, खाली बस" असे म्हणत नाही. त्याला उत्तर देते. घरात मात्र आम्ही दादांना "खाली बसा" असेच म्हणत होतो.

मी पुन्हा चौकशी केली. आता प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्र असावेच लागते. प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जाकीट असावे लागते. मी हे दादांना सांगितले. त्यांनी मान हलवली. "चांगले झाले," ते म्हणाले, "पण तीन दिवस पाण्यावर राहणे मला झेपणार नाही."

"आणि एक तास?" मी विचारले.

२०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला एक मोठी बोट जाऊ लागली आहे. तिच्या पोटात मोटारी उभ्या राहतात आणि वरच्या मजल्यांवर माणसे बसतात. मांडवा रेवसच्या जवळच आहे. प्रवास साधारण तासाभराचा. मोटार बोटीतच जात असल्यामुळे चढण्या-उतरण्याचा त्रास कमी. डिसेंबरात दर्या शांत असतो. माझ्या वहीतील बहुतेक गरजा तेथे भागत होत्या. तलाव तेवढा नव्हता.

दादा लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच आपले ओळखपत्र आणून माझ्या वहीवर ठेवले. सना आणि अदनान थोडे हिरमुसले. पण इम्रान म्हणाला, "ठरले तर. आपण आधी कोणालाही मागे ठेवायचे नाही, असेच ठरवले होते."

डिसेंबरातील एका रविवारी सकाळी आम्ही बाराही जण भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो. बोट सुटण्यापूर्वी दादांनी एका कर्मचाऱ्याला जाकिटे कोठे ठेवली आहेत ते विचारले. त्याने न हसता जागा दाखवली. दादांनी ती नीट पाहून घेतली आणि खिडकीजवळच्या आसनावर बसले. भोंगा वाजला. बोट हलली, तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मुंबई मागे पडू लागली. उंच इमारती लहान होत गेल्या. अर्ध्या वाटेवर दादा म्हणाले, "मला बाहेर ने." एका बाजूने इम्रानने आणि दुसऱ्या बाजूने मी त्यांना आधार दिला. ते कठड्याला धरून उभे राहिले. पाण्यावर ऊन चमकत होते. दूरवर एक कोळी होडीतून जाळे ओढत होता. दादांनी दोन्ही हात उचलले आणि फातिहा पढली. अब्बा, चाचा, इम्रान, आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे राहिलो. ७७ वर्षांत प्रथमच ते आपल्या वडिलांच्या कबरीपाशी आले होते.

थोड्याच वेळात मांडव्याचा धक्का दिसू लागला. दादांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग मागे वळून मुंबईच्या दिशेने पाहिले.

"एवढेच अंतर?" ते म्हणाले.

त्यावर कोणीच काही बोलले नाही. मांडव्याहून आम्ही गाडीने रेवसला गेलो. धक्क्यावर दादा थोडा वेळ बसले. बाजारातून त्यांनी एक पुडा आणला होता. तो उघडून त्यांनी मुलांच्या हातावर दोन-दोन खजूर ठेवले. अदनानने खजूर तोंडात टाकत विचारले, "दादा, आता पुढच्या वर्षी क्रूझ?"

"जा ना," दादा म्हणाले. "गोव्याला जा, लक्षद्वीपला जा. फक्त पावसाळ्यात नको. आणि जाकिटे मोजून घ्या."

ती वही अजून माझ्याकडे आहे. दादांच्या नावापुढचे 'चाकांची खुर्ची' हे शब्द मी खोडले आहेत. त्यांच्या जागी लिहिले आहे, 'आधी विचारावे'. नंतर बाकीच्या अकरा नावांपुढेही तेच लिहिले.