तिळारीची शापोरा होते तेव्हा

बेळगावहून गोव्याला निघालेली गाडी आजकाल सहसा चोर्ल्याच्या वाटेला लागते. चंदगडवरून तिळारीच्या घाटाने उतरणारे त्यामानाने थोडे. घाट अवघड आहे, वळणे अंगावर येतात आणि पावसाळ्यात अवजड गाड्यांना हा रस्ता बऱ्याचदा बंद असतो. तरी शिमगा आटोपल्यावर आम्ही मुद्दाम याच वाटेने निघालो. निमित्त साधे होते. सासूबाईंना समुद्र पाहायचा होता आणि मला एक नदी वरपासून खालपर्यंत पाहायची होती. एका दिवसात दोन्ही होईल असे म्हणून निघालो, ते जमलेही.

सासूबाई मूळच्या गोकाकच्या. त्यांचे मराठी कामापुरते, माझे कन्नडही तेवढेच. मध्ये बायको दुभाषी. घाटमाथ्यावर तिळारीनगरच्या बाजूला गाडी थांबवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "ई नीर एल्लिगि होगतैति?" हे पाणी जाते कुठे? घटप्रभेकाठी वाढलेल्या बाईने हाच प्रश्न विचारायचा. गोकाकचा धबधबा ज्यांच्या दाराशी, त्यांना सगळे पाणी पूर्वेलाच जाते असे वाटत असणार.

आणि चंदगडचे बरेचसे पाणी खरोखरच तिकडे जाते. ताम्रपर्णी याच तालुक्यातली. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पण सह्याद्रीच्या त्याच कण्यावर दोन पावले पश्चिमेला पडलेला थेंब तिळारीत जातो आणि एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर अरबी समुद्राला मिळतो. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली कोनाळकट्ट्याच्या वीजघराकडे सोडलेले आहे. म्हणजे इथे पडणाऱ्या पाण्याची आधी वीज होते आणि मगच ते कोकणात उतरते. हे बायकोने आईला समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आमच्या गोकाकात पण वीज करतात की!" ते अगदी खरे. गोकाकच्या धबधब्यावरची वीज तर एकोणिसाव्या शतकातली.

या डोंगरात वाट नवी नाही. जवळच रामघाट आहे. गाड्यांचे रस्ते होण्याआधी बेळगाव आणि कोकण यांच्यातली मोठी ये-जा त्या घाटाने होई. वरून धान्य, गूळ, मिरची उतरायची आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी चढायची. वाटेवर नजर ठेवायला पारगड उभा आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत आजी-पणजीच्या तोंडी "घाटाखालचं मीठ" हा शब्द असे, तो यातूनच आला.

घाट उतरलो की हवाच बदलते. काजू मोहोरलेला, फणस लगडलेले, मध्येच रबराच्या आणि अननसाच्या बागा. या बागा बऱ्याचशा केरळातून आलेल्या लोकांनी उभ्या केलेल्या. दोडामार्ग तालुका 1999 मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला. लहान तालुका, पण त्याच्या पोटात गोव्याचे पाणी आहे. तिळारीचे मोठे धरण इथलेच. सुमारे 16 टीएमसीचा साठा. महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांनी 1990 मध्ये करार करून ते संयुक्त प्रकल्प म्हणून हाती घेतले. वाटा ठरला गोव्याचा 73.30 टक्के आणि महाराष्ट्राचा 26.70 टक्के. खर्चही त्याच हिशेबाने.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे ऐकून जरा नवल वाटते. आपल्याला पाणीवाटप म्हटले की म्हादई आठवते, कळसा-भंडुरी आठवते, बंद, मोर्चे, अडवलेल्या बसगाड्या आठवतात. म्हादईचा लवाद 2010 मध्ये नेमला गेला. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33. त्यानंतरही भांडण मिटले नाही. आणि तिथून फार तर एक डोंगर ओलांडला की दुसरी नदी, जिचे पाणी दोन राज्यांनी लवादाशिवाय, बसून, कागदावर सही करून वाटून घेतले. मला याचे कौतुक वाटत होते. धरणाच्या काठावर पोचेपर्यंत तरी वाटत होते.

कारण ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, ते या वाटपात कुठल्या टक्क्यात बसतात हे कागदावर लिहिलेले नाही. आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाटये, केंद्रे ही नावे आता पुनर्वसन वसाहतींच्या पाट्यांवर आणि मोर्च्यांच्या बातम्यांत सापडतात. प्रकल्पग्रस्तांनी सरकारी नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे उपोषणे केली, धरणे धरली. शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैसे घेण्याचा तोडगा पुढे आला. पैशांची गरज कोणाला नसते, पण पैसे संपतात आणि नोकरी पिढी उभी करते, हे साधे गणित त्या माणसांनाही कळत होते.

रस्त्याकडेला चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कुठले म्हणून विचारले तर त्यांनी हात जलाशयाकडे केला. "आमचो गाव थंयसर, पाण्यात." एवढेच बोलले आणि चहाची बशी तोंडाला लावली. सासूबाईंना त्यांचे शब्द कळले नसतील, पण हात कुठे दाखवला ते कळले. बराच वेळ गाडीत कोणी काही बोलले नाही.

या भागाची दुसरी गोष्ट हत्तींची, आणि ती तर थेट आपल्याकडूनच आलेली. 2002 मध्ये कर्नाटकाच्या जंगलातून हत्ती सह्याद्री उतरून दोडामार्गात आले. त्याआधी इथल्या माणसांनी हत्ती पाहिला असेल तो जत्रेत किंवा सर्कशीत. हत्तींना केळी, माड, पोफळी आणि भरपूर पाणी मिळाले. ते राहिले. माणसे मात्र रात्री जागू लागली. 2025 च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एक वृद्ध शेतकरी दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कळपातून फुटलेला ओंकार नावाचा तरुण हत्ती पेडणे तालुक्यात शिरला आणि मोपाच्या परिसरात, तांबोसे, उगवे भागात भातशेतीत फिरत राहिला. बायकोने हे सांगताच सासूबाई हसून म्हणाल्या, "आने बंतु, आने!" मुलांना घाबरवायचे, हसवायचे हे शब्द. मग शेतकरी मेल्याचे ऐकून गप्प झाल्या. हत्तीला कुठल्या राज्याचा म्हणायचा, आणि भरपाई कोणत्या कचेरीत मागायची? नदीइतकाच तो प्रश्नही सीमेवरचा. या जंगलाचा थोडा भाग, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर, 2020 मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेवढा एक दिलासा.

भेडशी, कुडासे, मणेरी करीत नदी गोव्याच्या हद्दीला लागते. सीमा म्हणजे काय, तर एका वळणापलीकडे दुकानांच्या पाट्या बदलतात आणि गाड्यांच्या नंबरातले 'एमएच' जाऊन 'जीए' येते. बाकी बोली तीच, दशावतार तोच, सोयरीक तीच. दोडामार्गची मुलगी साळला दिली, साळची पेडण्याला. या लोकांना "तुम्ही कुठल्या राज्याचे" हा प्रश्न आपल्याइतकाच कंटाळवाणा वाटत असणार.

साळ हे डिचोली तालुक्यातले गाव, नदीच्या काठाला. इथला गडे उत्सव गोवाभर प्रसिद्ध. होळीपासून तीन रात्री हे चालते. धोतर नेसलेले गडे महादेवाच्या देवळासमोरच्या मांडावर जमतात आणि रात्री दूर अंधारात दिसणाऱ्या दिवट्यांच्या दिशेने बेभान धावत सुटतात. त्या दिवट्या देवचाराच्या, अशी श्रद्धा. काही गड्यांना देवचार लपवून ठेवतो आणि मग बाकीच्यांनी त्यांना शोधून आणायचे असते. ज्यांना हे पाहायचे आहे त्यांनी होळीच्याच सुमारास जावे आणि दिवट्यांमागचे शास्त्र विचारत बसू नये. आम्ही पोचलो तेव्हा उत्सव संपून गेला होता. अंगणात मंडपाचे बांबू पडले होते आणि काठच्या मळ्यांत वायंगणी भात हिरवेगार उभे होते. उन्हाळ्यात ही हिरवळ दिसते ती पाटाच्या पाण्याची. कालवे फुटण्याच्या, गळण्याच्या तक्रारी दोन्ही राज्यांत आहेत. पण जिथे पाणी पोचले तिथे ते दिसते.

पाणी देते तीच नदी नेते पण. ऑगस्ट 2019 ची आठवण आपल्याला कोणी करून द्यायला नको. त्या दिवसांत बेळगाव जिल्हा पाण्याखाली होता, गोकाकमध्ये घरांत पाणी शिरले होते. नेमक्या त्याच दिवसांत घाटाखाली मुसळधार पाऊस आणि तिळारीतून सोडलेले पाणी एकत्र आले आणि साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल, हसापूर या गावांत पुराने हाहाकार उडवला. केळी, पोफळी आडव्या झाल्या, गुरे वाहून गेली. इब्रामपुरात एका ओसरीवर पाणी मागितले तेव्हा घरच्या बाईने भिंतीवरचा मळकट पट्टा दाखवला. "पावसांत न्हंय घरांत येता," ती म्हणाली, जणू एखादी लांबची नणंद दरवर्षी येते तसे. यावेळी सासूबाईंना दुभाष्याची गरज लागली नाही. त्यांनी स्वतःचा हात छातीपर्यंत नेऊन दाखवला, गोकाकात पाणी इतके. त्या बाईने कमरेपर्यंत नेला. दोघी हसल्या. नंतर त्या बाईने आम्हाला सोलकढी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

इथून पुढे तिळारी हे नाव मागे पडते. कळणे गावाकडून येणारी कळणा नदी मिळते आणि लोक तिला शापोरा म्हणू लागतात. कोलवाळला ती कोलवाळची नदी होते. प्रत्येक गावाने तिला आपले नाव द्यावे, यात मला काही वावगे वाटत नाही. चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प पेडणे तालुक्याला पाणी देतो, आणि कालव्याचे पाणी अस्नोड्यापर्यंत जाऊन बार्देशच्या नळांना पोचते. कळंगुट-बागाच्या हॉटेलांत पाहुणा अंघोळ करतो, त्यातला काही भाग सरगव्याच्या शेतावरून आलेला असतो. ते त्याला कोणी सांगत नाही.

हळर्णचा किल्ला नदीच्या उजव्या काठावर झाडांत दडलेला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तो घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे याच गावाच्या नावाने किताब मिळाला, मार्कीस ऑफ अलोर्ना. पोर्तुगालच्या सरदारघराण्याचे नाव पेडण्यातल्या एका खेड्यावरून पडले, ही गंमत हळर्णच्या पोरांनाही फारशी माहीत नसते. किल्ल्याच्या तटावरून नदी संथ, हिरवी, तळ्यासारखी दिसते. वर घाटात हीच खळाळत होती यावर विश्वास बसत नाही.

कोलवाळच्या पुलाखाली भरती-ओहोटी जाणवू लागते. नदी आता खाडी होते. दोन्ही काठांना खाजन शेती, मातीचे बांध आणि त्यांत मानशी, म्हणजे खारे पाणी आत-बाहेर सोडण्याची लाकडी दारे. खाऱ्या मातीत टिकणारे कोरगूट भात याच शेतांत घेतात. बांध फुटला की खारे पाणी शेतात घुसते आणि काही हंगाम जमीन हातची जाते. आता बऱ्याच ठिकाणी बांध दुरुस्त करायला माणसेच नाहीत. तरुण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला. खारफुटी बांधावर चढते आहे. बाहेरच्याला ते हिरवे, सुंदर दिसते. शेतकऱ्याला ते शेत गेल्याची खूण.

शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूर्वी फेरीबोट होती, आता पूल आहे. पुलावरून डावीकडे मुखाजवळ शापोऱ्याचा किल्ला दिसतो. शाहपुरा हे त्याचे जुने नाव विजापूरच्या आदिलशाहीतले. आपल्या बाजूचीच सत्ता ती. 1684 मध्ये संभाजीराजांच्या फौजेने हा किल्ला घेतला होता. आता तिथे तरुण मंडळी फोटो काढायला जातात. कारण विचाराल तर 2001 चा एक हिंदी सिनेमा. असो.

आम्ही किल्ल्यावर गेलो नाही. सासूबाईंचे गुडघे. पलीकडे मोरजीच्या टोकाला त्यांना गाडीतून उतरवले. कासवांच्या अंड्यांसाठी वाळूत कुंपण घातलेली जागा होती. तिच्यापासून दूर, नदी समुद्रात मिसळते त्या कडेला त्या पदर खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. ओंजळीत पाणी घेऊन चाखले. खारट लागल्यावर तोंड वाकडे केले आणि लेकीला म्हणाल्या, सकाळी वर पाहिले ते गोड होते ना?

परतताना अगरवाड्याला थांबलो. गावाच्या नावातच आगर आहे. मिठागरांच्या चौकोनी वाफ्यांत पाणी आटून पांढरी साय धरली होती, आणि एक जोडपे लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढून ढीग लावत होते. करडे, जाड मीठ. सासूबाई तिथे बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या, मुठीत घेऊन दाबून पाहिले, जिभेवर ठेवले. मग पाच किलोची पिशवी घेतली. कैऱ्या येतील, लोणच्याला हेच बरे, पाकिटातल्या बारीक मिठाने लोणचे बिघडते, असे त्यांचे म्हणणे. पिशवी गळत होती म्हणून ती पूर्ण वाटभर त्यांनी पायाशी ठेवली. रात्री घाट चढताना काळोखात वळणावळणाला मीठ खसखसल्याचा आवाज येत होता.