पंख्याचा वारा

आषाढात अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा हात सुजलेला, चकचकीत, आणि निखाऱ्यावर धरल्यासारखा जळत होता. एक्स-रे बघून अस्थितज्ज्ञ म्हणाले, ‘हाड छान जुळलंय.’

पदर लागला तरी कळ मस्तकात जायची. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नव्हता. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी पंखा बंद करायला सांगायचे आणि हे म्हणायचे, ‘अगं, वाऱ्यानं कुणाचं दुखतं का?’ मन वाईट नव्हतं त्यांचं. पण रात्री उशीवर हात ठेवून जागी असताना मलाच वाटायला लागलं, हे सगळं माझ्या मनाचे खेळ तर नाहीत?

वेदनातज्ज्ञांनी दोन्ही हात शेजारी ठेवून रंग, घाम, नखं, त्वचेची ऊब, बोटं किती वळतात ते पाहिलं आणि ‘सीआरपीएस’, म्हणजे ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, म्हणाले. मी इतिहास शिकवते, म्हणून त्यांनी सांगितलेलं एक लक्षात राहिलं: अमेरिकी यादवीतल्या सैनिकांच्या जखमी हातापायांची अशीच आग सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १८६४ सालीच लिहून ठेवली आहे. निदान अशा तपासणीवरूनच होतं, फोटोवरून नाही. तरी स्नायूंची अवस्था बघू, म्हणून त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली.

‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली मी हात सांभाळत बसले. हे सोबत होते. आत डॉक्टरांनी भरपूर जेल लावलं, म्हणजे प्रोब दाबावा लागू नये. आधी डावा हात. पडद्यावर स्नायू काळसर, त्यात पानाच्या शिरांसारख्या पांढऱ्या रेषा. मूठ वळली की तंतू सरसर सरकत होते. मग उजवा. सगळं पांढुरकं, रेषा पुसट, थर पातळ. ‘वळा मूठ,’ म्हणाले. वळवणारे आणि उघडणारे, दोन्ही स्नायू एकदमच आवळले जात होते. सरकत मात्र जवळजवळ काहीच नव्हतं.

निरोगी स्नायूतून ध्वनिलहरी फारशा परतत नाहीत. त्यात चरबी किंवा तंतुमय ऊती वाढली की जास्त परततात, म्हणून तो पांढरा दिसतो, असं त्यांनी समजावलं. हात नुसता न वापरल्यानंही असं होऊ शकतं, हेही सांगितलं. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवलं: अंगठ्याकडचा एक पट्टा अजून हलत होता. व्यायाम तिथूनच सुरू करायचे ठरले.

हे पडद्याकडे बघत राहिले. माझ्या शब्दावर विश्वास बसायला चित्र लागावं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या रात्री खूप उकडत होतं. यांनी उशी सारखी करून माझा हात अलगद तिच्यावर ठेवला आणि न सांगता पंख्याचं बटण बंद केलं.