निम्मी कळणारी गाणी

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात दोन वर्षं जर्मन गिरवलं आणि त्या जोरावर बर्लिनला गेलो. पहिल्याच आठवड्यात कळलं की पावाच्या दुकानातली बाई बोलते ती जर्मन वेगळी आणि आमची पुस्तकातली वेगळी. त्या नामुष्कीच्या दिवसांत एका संध्याकाळी पांघरुणात गुरफटून एका बाईचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकत बसलो होतो. एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कळत होतं! आई, पोर, घर, पाऊस, सगळे ओळखीचे. मग मध्येच एखादा शब्द असा यायचा, की गाणं पुढे निघून जायचं आणि मी फलाटावर राहायचो. घाटावरचा माणूस पहिल्यांदा ‘वस्त्रहरण’ बघायला बसला की त्याचं जे होतं ते. हसू येतं, पण शेजारचा हसल्यावर.

दोन गाण्यांनंतर ध्यानात आलं, ही जर्मन नव्हेच. ही यिडिश. ऱ्हाईनकाठच्या ज्यू वस्त्यांत हजारएक वर्षांपूर्वी घडलेली बोली. सांगाडा जर्मनचा, देवाधर्माचे आणि शहाणपणाचे शब्द हिब्रूतले, पुढे पूर्वेकडे सरकताना खिशात पडलेली पोलिश-युक्रेनी चिल्लर, आणि लिहायची हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या महायुद्धाआधी ती बोलणारे एक कोटीच्या वर होते. गाणारी बाई होती लिन याल्दाती.

आम्हा कोकणातल्यांना ज्यू नवे नाहीत. अलिबाग, रेवदंडा या बाजूचे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्यांच्या घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अब्राहामाची, योसेफाची मराठी कीर्तनंसुद्धा रचली, अभंग-साकी-दिंडीच्या चालींवर. यिडिशचा त्यांना गंधही नव्हता. त्यामुळे ज्यू म्हटला की तो यिडिश बोलणार, असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण ही बाई, जिला पुढे जर्मनीत यिडिश गाण्याचा आवाज म्हणून ओळखलं गेलं, तिचीही ती मातृभाषा नव्हती, हे कळलं तेव्हा मी चमकलो.

तिचा जन्म १३ डिसेंबर १९१२ चा, ॲमस्टरडॅमचा. नाव रेबेका ब्रिलेस्लाइपर. आडनावाचा अर्थ चष्म्याची भिंगं घासणारा. (स्पिनोझाही याच शहरात जन्मला आणि भिंगं घासूनच पोट भरत असे. त्या गावाला काचेची नजर असावी.) घरात डच बोलत. पोरगी नाचायला शिकली, रेव्ह्यूमध्ये नाचली. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंचं ॲमस्टरडॅममध्ये अन्स्की नावाचं एक मंडळ होतं. तिथे तिने ती भाषा आणि ती गाणी उचलली. मोठेपणी, कानाने, आवडली म्हणून. रंगमंचासाठी घेतलेलं ‘याल्दाती’ हे नाव मात्र हिब्रू. त्याचा अर्थ, माझी पोर. आपल्याकडे आजी ‘बाय माझे’ म्हणते, अगदी तसं.

एबरहार्ड रेब्लिंग हा बर्लिनचा पियानोवादक, ज्यू नव्हे, नाझींना विटून १९३६ साली हॉलंडला आलेला. दोघं एकत्र राहू लागली. जर्मनांनी हॉलंड घेतल्यावर ज्यू बाईशी त्याला लग्न करता येईना. १९४१ साली कातिंका ही मुलगी झाली. तशाही दिवसांत ही दोघं लोकांच्या घरी, पडदे ओढून, यिडिश गाण्यांच्या मैफिली करत. तो साथीला, ती गायला. मग सैन्यात भरती व्हायचा हुकूम आला तेव्हा तो भूमिगत झाला. १९४३ साली लिन, तिची बहीण यानी आणि सगळं कुटुंब नार्डेनजवळच्या झाडीत ‘उंच घरटं’ अशा अर्थाच्या नावाचं एक घर घेऊन राहिलं. लपायला आलेल्यांनी ते घर भरून गेलं. जुलै १९४४ मध्ये कोणीतरी सांगितलं आणि धाड पडली. कातिंकाला ओळखीच्यांनी वाचवलं. एबरहार्ड कैदेतून निसटला. बाकीचे वेस्टरबोर्कच्या छावणीत, आणि तिथून ३ सप्टेंबरच्या गाडीत. वेस्टरबोर्कहून ऑश्विट्झला गेलेली ती शेवटची गाडी. त्याच गाडीत ॲन फ्रँक होती.

आईवडील आणि भाऊ ऑश्विट्झमध्ये गेले. दोघी बहिणींना पुढे बेर्गेन-बेल्सनला हलवलं. तिथे ॲन आणि मार्गोट फ्रँक पुन्हा भेटल्या. त्या डिसेंबरात काही डच बायकांनी मिळून सण केला होता. प्रत्येकीने पोट मारून पावाचा तुकडा बाजूला ठेवलेला, आणि लिनने दुसऱ्या बराकीत गाऊन-नाचून थोडी आंबवलेली कोबी मिळवलेली, असं तिने पुढे सांगितलं. बिदागी म्हणून मूठभर कोबी. आपल्याकडे गाणाऱ्याच्या कमाईच्या गोष्टी खूप सांगतात, शालजोड्या, सोन्याची कडी. मला ही मूठ विसरता येत नाही.

फ्रँक बहिणी टायफसने गेल्या. १५ एप्रिल १९४५ ला इंग्रज आले तेव्हा लिन जेमतेम जिवंत होती. मुलींचे वडील, ओटो फ्रँक, पोरींच्या शोधात होते. त्या गेल्या, हे त्यांना याच दोन बहिणींकडून कळलं.

आणि एवढं झाल्यावर १९५२ साली ही बाई राहायला कुठे गेली? बर्लिनला. पूर्व बर्लिनला. ती आणि एबरहार्ड, दोघं कम्युनिस्ट होती. फॅसिझम मुळातून उपटणारा देश हाच, अशी त्यांची खात्री. मला तो विश्वास अवघड जातो, खोटं कशाला बोलू? पण तिच्या गाण्याला दुसरीकडे तसा श्रोता मिळाला नसता, असंही वाटतं. न्यूयॉर्कमध्ये यिडिश ऐकणाऱ्याला सगळं कळे, पॅरिसमध्ये फ्रेंच माणसाला काहीच कळत नसे. जर्मन श्रोता मात्र माझ्यासारखा अर्ध्या वाटेवर. त्याच्याच आजीच्या बोलीतले शब्द, थोडे वाकलेले. मोर्देखाय गेबिर्टिग हा क्राकोवचा सुतार. रंधा मारता मारता गाणी रचायचा. पेटलेल्या गावाचं त्याचं १९३८ चं गाणं ती गाई. १९४२ च्या जूनमध्ये क्राकोवच्या घेट्टोत जर्मनांनी त्याला गोळी घातली. तेच गाणं जर्मन सभागृहात सुरू झालं की दुभाषा लागत नसे. गाव पेटलंय, हे त्यांना त्यांच्याच शब्दांत ऐकू येई. मध्ये अनुवाद असता तर त्याच्या आडोशाला बसता आलं असतं.

तिचा आवाज गोड म्हणवत नाही. नाचणारीचा आवाज आहे तो, अंगातून आलेला. कधी गाण्यापेक्षा सांगण्याकडे झुकतो. आपल्याकडे कीर्तनकार अभंग अर्ध्यात सोडून निरूपणाला लागतो आणि पुन्हा तोच सूर उचलतो, त्या जातीचा. पियानोवर एबरहार्ड. तो पुढे बर्लिनच्या संगीत महाविद्यालयाचा, हान्स आयस्लर यांचं नाव लाभलेल्या संस्थेचा, प्रमुख झाला. बाईला सरकारी मानसन्मान मिळाले, परदेश दौरे झाले.

मग १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध झालं. पूर्व जर्मनी अरबांच्या बाजूची. यिडिश ही इस्रायलची राज्यभाषा नव्हती, उलट तिथे तिला बरेच दिवस नाकं मुरडली जात. पण कारकुनाला फरक कोण सांगणार? हिब्रू अक्षर दिसलं की संशय. तिच्या कार्यक्रमांना आमंत्रणं येईनाशी झाली, आणि ही दुष्काळी वर्षं चांगली लांबली. छावणीत गायला मिळत होतं आणि आपल्या माणसांच्या राज्यात मिळेना. तरी तिने देश सोडला नाही, पक्षही नाही. इथे मला तिचा रागसुद्धा येतो.

भिंतीच्या पलीकडे तोवर तरुण जर्मन पोरं यिडिश गाऊ लागली होती. बुर्ग वाल्डेकच्या किल्ल्यावर १९६४ पासून लोकगीतांचा उत्सव भरे. त्या वर्तुळातला पेटर रोलांड हा गाणी घेऊन हिंडला आणि १९६६ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, गेला. ‘झुप्फगायगेनहान्झेल’ या जोडीने १९७९ साली यिडिश गाण्यांची तबकडी काढली. बापांनी जे केलं त्याचं मुलांनी काय करायचं, हा प्रश्न त्या गिटारीत होता. आज बर्लिनमध्ये ही गाणी वाजवणाऱ्यांत ज्यू नसलेलेच जास्त भेटतात, आणि कधीकधी ती फार आनंदात वाजवली जातात. चालायचंच.

त्याच १९७९ मध्ये ॲन फ्रँक पन्नास वर्षांची झाली असती. त्या निमित्ताने लिन पुन्हा उभी राहिली, या वेळी एकटी नव्हे. नवरा पियानोवर, मोठी कातिंका व्हायोलिनवर, आणि धाकटी गायला. हे घरगुती पथक पुढे बरंच फिरलं. १९८६ मध्ये नवराबायकोने मिळून आठवणींचं पुस्तक काढलं. त्याचं शीर्षक व्हिल्नाच्या हिर्श ग्लिकने १९४३ मध्ये लिहिलेल्या, गनिमी काव्याने लढणाऱ्यांच्या गाण्यातून घेतलं. ३१ ऑगस्ट १९८८ ला पूर्व बर्लिनमध्ये ती गेली. भिंत पडायला सव्वा वर्ष होतं. एबरहार्ड शहाण्णव वर्षं जगला, आणि ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांना इस्रायल देतो तो सन्मान त्याला २००७ साली मिळाला.

धाकटीचा जन्म १९५१ चा. तिचं नाव आईच्या नावातूनच काढलेलं: याल्दा, म्हणजे पोर. ‘माझी’ तेवढं गाळलेलं. याल्दा रेब्लिंग बर्लिनमध्येच राहिली, आईची गाणी गात राहिली, आणि पुढे रीतसर दीक्षा घेऊन सिनेगॉगमधली प्रार्थना गाणारी हझान झाली. ती प्रार्थना हिब्रूत असते. त्यातलं मला काहीच कळत नाही.