हात जोडून उभी असलेली घरे

जपान म्हटले की टोकियोतल्या उंच इमारती, सुसाट धावणारी आगगाडी आणि बर्फाची टोपी घातलेला फुजी पर्वत, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. पण आज मी तुम्हाला नेणार आहे ते डोंगरातल्या एका खेड्यात, तुमच्यासारख्याच शेतकऱ्यांच्या गावात. गावाचे नाव ओगिमाची. ज्या खोऱ्यात ते वसले आहे त्याला शिराकावा-गो म्हणतात.

नागोया शहरातून आगगाडी धरली की अडीच तासांत ताकायामा येते. तिथे नदीकाठी रोज सकाळी बाजार भरतो. आसपासच्या शेतकरणी आपल्या मळ्यातली भाजी, सफरचंदे आणि लाल सलगमचे लोणचे घेऊन बसतात. शिवाय सोयाबीन आंबवून केलेला ‘मिसो’ नावाचा पदार्थ इथे मोठ्या वाळक्या पानावर घालून निखाऱ्यावर परततात आणि भाताबरोबर खातात. आपल्याकडे सोयाबीन पोत्यात भरून थेट बाजारात जाते, घरच्या ताटात फारसे येत नाही. इथे मात्र त्याच्यावाचून जेवण होत नाही.

ताकायामाहून बस तासाभरात ओगिमाचीला पोचवते. वाटेत दहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. तो २००८ साली खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात हे खोरे बाहेरच्या जगापासून किती तुटलेले असेल, ते त्या अंधारातून जाताना कळते. बर्फ इथे माणूस बुडेल एवढा पडतो.

आणि म्हणूनच इथली घरे अशी! जाड गवताची छपरे इतकी उभी की बर्फ त्यांवर फार साचू नये. नमस्काराला दोन तळहात जोडावेत तसा त्यांचा आकार. नावही तेच, ‘गाश्शो’ म्हणजे जोडलेले हात. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही. सारे वासे गवती दोरांनी आणि पिळलेल्या ओल्या फांद्यांनी आवळलेले. खाली माणसे राहत, आणि वरच्या दोन-तीन माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. अरुंद खोऱ्यात भातशेतीला जागा थोडी, तेव्हा रोख पैसा यायचा तो तुतीच्या पाल्यावर. जमिनीखालच्या खड्ड्यांत माती, गवत आणि किड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूचा सोराही काढीत. वाया काही जायचे नाही.

घरात मधोमध चौकोनी चूल असते. तिच्या धुराने सगळे वासे काळे कुळकुळीत झालेले असतात. पाहुण्याच्या डोळ्यांना झोंबतो तो धूर, पण त्यानेच गवताला कीड लागत नाही आणि दोर टिकतात. चूल विझली की घराचे आयुष्य घटते, असे इथे मानतात.

अशा छपराचे गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावे लागते. एका घराच्या बळावर हे काम होणे नाही. मग सारा गाव येतो. याला ते ‘युई’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, ही तर आपली इर्जिक! कोकणातली मंडळी म्हणतील, ही सावड. अगदी तीच. फरक एवढाच की इथे वही ठेवीत. कोणी किती दिवस राबले, किती पेंढ्या गवत दिले, दोर किती, सारे लिहिलेले. त्याच्या घराची पाळी आली की तेवढे फेडायचे. त्या दिवशी छपरावर शे-दोनशे माणसे चढत आणि खाली बायका सगळ्यांचा स्वयंपाक करीत.

पण पुढे तरुण शहरांकडे गेले, रेशमाचा भाव गेला. खोऱ्यात विजेसाठी धरणे झाली, काही वाड्या पाण्याखाली गेल्या. काही घरे विकली गेली आणि सांगाड्यासकट उचलून परमुलखात नेली गेली. १९२४ च्या सुमारास या भागात अशी तीनशेच्या आसपास घरे होती, ती १९६१ पर्यंत १९० वर आली. तेव्हा ओगिमाचीचे लोक एकत्र बसले आणि १९७१ साली त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: घर, शेत, रान यांपैकी काही विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. सरकारी वटहुकूम नव्हे, गावाचा ठराव! पैशाची निकड कोणाला नसते? तरी तो पाळला गेला, आणि १९९५ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

त्याचे सगळेच गोड झाले असे मात्र मला वाटले नाही. वर्षाला दहा लाखांहून जास्त पाहुणे येतात. घरांची दुकाने आणि खानावळी झाल्या. लोक कोणाच्याही अंगणात डोकावतात, तिथे माणसे राहतात हेच विसरतात. छपरे आता बहुधा कसबी कारागीर सरकारी मदतीने शाकारतात. २००१ साली नागासे घराण्याच्या घराचे छप्पर युईने बदलले, तेव्हा पाचशेच्या आसपास माणसे जमली. त्यांत बाहेरून हौसेने आलेलेही होते. गावाची हीच चिंता आहे. गवत आहे, पैसाही मिळतो, पण आपल्या पाळीला येणारा शेजारी उरला पाहिजे. आगीची भीती तर कायमचीच. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गावकरी साऱ्या नळांतून एकदम पाणी उडवून तालीम करतात, तेव्हा घरे कारंज्यांत न्हाऊन निघतात.

गावाच्या दक्षिणेला, शो नदीच्या वरच्या अंगाला मिबोरोचे धरण आहे. दगडमातीचे, १३१ मीटर उंच, १९६१ साली पुरे झालेले. ते होऊ नये म्हणून तिथले लोक कित्येक वर्षे झगडले, शेवटी उठले. बुडणाऱ्या गावात देवळांच्या आवारात चारशे वर्षांहून जुनी चेरीची दोन झाडे होती. ती पाहून धरण बांधणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष तात्सुनोसुके ताकासाकी यांनी ती वाचवायचे मनावर घेतले. एवढी म्हातारी झाडे जगणार नाहीत, असे जाणकार म्हणत. तरी १९६० साली फांद्या छाटून, मुळ्या गुंडाळून, यंत्रांनी ओढत ती डोंगराच्या कडेला वर आणून लावली. पुढच्या वसंतात त्यांना पालवी फुटली. आजही एप्रिलअखेर ती जलाशयाच्या काठावर बहरतात. गाव सोडून गेलेली माणसे त्या दिवसांत तिथे परत येत, आणि आपल्या गावाच्या त्या दोन झाडांखाली बसून भाकरतुकडा खात.