गाडी तिकडची

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नात नवरदेव फियाटमधून आला. पांढरीशुभ्र, घासूनपुसून लखलखीत केलेली, बॉनेटवर झेंडूच्या माळा. फोटोवाल्यांची गर्दी ओसरल्यावर मी गाडीजवळ गेले आणि पुढच्या दाराची तिकोनी काच बोटाने आत ढकलली. "काकू, विंटेज आहे, जरा सांभाळून," गाडीबरोबर आलेला मुलगा म्हणाला. मी त्याला काय सांगणार? तोपर्यंत वास आला होता. उन्हात तापलेलं रेक्झिन, त्यात मुरलेलं पेट्रोल आणि कुठूनसा ओल्या फडक्याचा कुबट वास.

वासाबरोबर बाबा आठवायला हवे होते. आठवला तो गेल्या सप्टेंबरातला इटलीतल्या उंब्रियातला दिवस.

आम्ही पेरुजाला भाड्याची गाडी घ्यायला गेलो, तेव्हा नवऱ्याने ऑटोमॅटिक गाडी सांगून ठेवली होती आणि समोर उभी होती गिअरची फियाट पांडा. त्याने बराच वाद घातला. काउंटरवरची मुलगी हसतमुखाने सगळं ऐकून घेत होती आणि किल्ली आमच्याच दिशेने सरकवत होती. गेली काही वर्षं नवऱ्याचा डावा पाय नुसता आराम करतोय, क्लच त्याला आता नको असतो. इंटरनॅशनल परमिट दोघांचीही काढलेली होती. "आण इकडे," मी म्हटलं.

तिकडे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिल्या चौकापर्यंत माझा डावा हात दारावर गिअर शोधत होता. नवऱ्याची गत माझ्याहून वाईट. तो बसला होता उजवीकडे, म्हणजे जन्मभर जिथे बसून गाडी चालवली तिथेच, आणि समोर ना चाक, ना ब्रेक. प्रत्येक गोल चौकात त्याचा पाय मॅटवर दाबला जायचा. "अगं, हळू." "अहो, चाळीसवर आहे." आमचं इटलीतलं बरंचसं संभाषण एवढंच.

आमच्या घरी फियाट आली तेव्हा ती आधीच दोन मालकांच्या हातून गेलेली होती. पद्मिनी हे नाव मिळण्याच्या आधीची, नुसती फियाट. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे मध्ये एक लहान मूल मावायचं. ते मूल मी. बाबांचा डावा हात गिअर टाकताना माझ्या नाकासमोरून जायचा. मे महिन्यात आईच्या माहेरी, म्हसळ्याच्या बाजूला निघालो की पनवेल, पेण, नागोठणं ठीक जायचं आणि सुकेळीच्या खिंडीत गाडी मान टाकायची. उन्हाने पेट्रोल पंप तापला की त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळून बसून राहायचं, हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय. फडकं भिजवायचं, पिळायचं, गुंडाळायचं, वाळलं की पुन्हा भिजवायचं, हे माझं काम. प्लग कुठला, डिस्ट्रिब्यूटर कुठला, रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही, सगळं मला पाठ. दादा तोवर सावलीत करवंदं खात बसलेला. आणि अठरा वर्षांचा झाल्यावर स्टिअरिंगवर कुणाला बसवलं? दादाला. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "तुला काय करायचंय शिकून? तुझा नवरा चालवेल." बाबा गेले त्यालाही बराच काळ लोटला, पण हे वाक्य मी अजून सोडलेलं नाही. नोकरी लागल्यावर ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे स्वतः भरले आणि शिकले.

या गाडीच्या कुळाची कथा तशी आपल्याच मातीतली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना चालला आणि पन्नाशीच्या दशकात तिथून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिने मुंबईची टॅक्सी म्हणून पिढ्या वाहिल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. मी केली नाही. माझ्या मनात १९४४ हे साल अडकलं होतं, आणि ते का, ते पुढे येईल.

पेरुजाहून ई ४५ या रस्त्याने उत्तरेला निघालं की तिबेर नदीचं खोरं सोबतीला येतं. रोमला जाऊन थोर होणारी ही नदी इथे अगदी साधी आहे. सूर्यफुलांची शेतं वाळून काळी पडलेली, तंबाखूची पानं अजून हिरवी. चाळीसेक किलोमीटरवर उंबेर्तिदेच्या पुढे एका टेकडीवर मोंतोने आहे. तटबंदीतलं गाव. पंधराव्या शतकात भाडोत्री फौजा घेऊन निम्मी इटली हादरवणारा ब्राच्चो इथल्याच घराण्यातला. अशा गावांच्या वेशीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसलं की गाडी तिथेच ठेवायची. आत फक्त रहिवाशांच्या गाड्या, आणि कॅमेरा कुणाची ओळख धरत नाही. दंडाचं पत्र पुण्यापर्यंत येतं असं ऐकून असल्यामुळे नवऱ्याने पाटी माझ्या आधी पाहिली आणि दोन्ही पाय मॅटवर दाबले.

आम्ही तिथे गेलो होतो फक्त जेवायला. अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, त्यामुळे चढ धापा टाकत चढलो. नवरा शाकाहारी, त्याच्यासाठी काळ्या ट्रफलची स्त्रांगोत्सी आणि दोघांत मिळून तोर्ता अल तेस्तो. ही रोटी जाड तव्यावर भाजतात, पोटातून चिरतात आणि परतलेली पालेभाजी, चीज असं काही भरून तुकडे करून देतात. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी मध्ये फोडून तिच्यात मेथी भरावी, तसं काहीसं. मात्र टोपलीतला पाव अळणी. उंब्रियात पावात मीठ घालत नाहीत. १५४० साली पोपने मिठावरचा कर वाढवला, पेरुजाने बंड केलं, हरलं, आणि तेव्हापासून हा अळणी हट्ट, असं लोक सांगतात. इतिहासकारांना ते फारसं मान्य नाही. मला मात्र आवडलं. आपण मिठासाठी समुद्रापर्यंत चालत गेलो, यांनी मीठच सोडलं. बिलावर माणशी पावाचे आणि ताटवाटीचे वेगळे पैसे लावलेले पाहून नवऱ्याने पुन्हा वादाची तयारी केली, पण पोट भरलेलं असल्यामुळे वाद उभा राहिला नाही.

बाहेर पडलो आणि फिरता फिरता एका सूर्यघड्याळापाशी आलो. त्यावर नाव होतं यशवंत घाडगे.

नवरा घड्याळाची छाया आपल्या मनगटाशी ताडून बघत होता. उन्हाळ्यात युरोपातली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. सूर्याला ते कुणी कळवत नाही. "मागे आहे," तो म्हणाला. मी काही बोलले नाही, तेव्हा त्याने नाव वाचलं. "हे आपल्या माणगावचे?"

माणगावचेच. पळसगाव-आंब्रेचीवाडी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४ ला याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. हे एकटे चालून गेले. ग्रेनेडने बंदूक बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने मारलं, आणि मग कुणा लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. मोंतोनेच्या लोकांनी हे सूर्यघड्याळ उभारलं २०२३ च्या जुलैत. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद त्याला दिलंय. इटलीच्या लढाईत पन्नास हजारांच्या आसपास हिंदी सैनिक होते. ५,७८२ तिथेच राहिले.

ब्रीद चांगलं आहे. पण मला त्या क्षणी चांगल्या ब्रीदाचा राग आला, कारण आईची चुलती आठवली.

सगळे तिला पेन्शनवाली काकी म्हणत. नवरा पलटणीत गेला, लढाईत गेला आणि परतला नाही. कुठल्या मुलुखात, ते तिला धड माहीत नव्हतं. कधी मिसर म्हणायची, कधी विलायत. एका वर्षी म्हसळ्याहून परतताना तिला पेन्शनसाठी माणगावच्या कचेरीत सोडायचं होतं, म्हणून ती फियाटच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, पदर दाताखाली घट्ट धरून. माणगावच्या अलीकडे गाडी तापली. मी फडकं भिजवत होते. बाबा वेळ घालवायला घाडग्यांची गोष्ट सांगत होते: आपल्या इथला माणूस, इटलीत केवढा पराक्रम. "इटली म्हणजे कुठे?" मी विचारलं. बाबांनी बॉनेटवर थाप मारली. "ही जिथली, तिथे."

काकी मागून म्हणाली, "गाडी तकडनं आली म्हंजी वाट हाय."

बाबा हसले. म्हणाले, नाही हो काकी, गाडी कुर्ल्याची, आराखडा फक्त तिकडचा. पण मध्ये समुद्र आहे, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तिनेही पुढे विचारलं नाही. ती उतरून गाडीला फेरी मारून आली, टायर बघितले, आणि पुन्हा जाऊन बसली. तिची ती फेरी मला आजवर किती निमित्तांनी आठवली असेल. वाट आहे, मग एवढ्या वर्षांत माणूस का आला नाही, हा हिशेब ती टायरांशी मांडत होती का? की नुसतं, आपण जाऊन यावं, असं तिला वाटलं?

दुपारी आम्ही तिथून अर्ध्या तासावरच्या सान्सेपोल्क्रोला गेलो, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं ‘पुनरुत्थान’ बघायला. नवऱ्याच्या यादीत ते पहिल्या दिवसापासून होतं. भिंतीवर ख्रिस्त थडग्याच्या कडेवर पाय ठेवून सरळ आपल्याकडे बघतो आणि खाली पहारेकरी सैनिक गाढ झोपलेले. १९४४ च्याच उन्हाळ्यात या गावावर तोफा रोखलेल्या होत्या. टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ऑल्डस हक्स्लीचा जुना लेख आठवला. हे जगातलं सर्वोत्तम चित्र, असं त्यात म्हटलेलं. त्याने मारा थांबवला. लेखाने गाव वाचलं म्हणून नवरा भारावून गेला होता, आणि लिहिणाऱ्या बाईने तर जास्तच भारावून जायला हवं. मी मात्र खालच्या झोपलेल्या शिपायांकडे बघत राहिले. चित्राबद्दल कुणी लिहून ठेवलं होतं, म्हणून ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं. म्हसळ्याच्या बाजूच्या शिपायाबद्दल लिहायचं कुणी? त्याच्या बायकोचा तर कागदावर अंगठा.

रात्री हॉटेलात मी फोनवर युद्धस्मारकांच्या याद्या उघडल्या. घाडग्यांचंही थडगं नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, ज्यांचा देह कुठे आहे ठाऊक नाही अशा हजारोंबरोबर. काकीच्या नवऱ्याचं नाव टाकलं. त्या नावाचे कितीतरी निघाले. आडनाव इंग्रजीत कारकुनाने लिहील तसं, गावाचं नाव बहुधा नाहीच. पलटणीतला नंबर हवा. तो असायचा पेन्शनच्या वहीत, आणि काकी गेल्यावर तिची पेटी कुणाकडे गेली यावर माझ्या मामेभावंडांत तीन मतं आहेत. नवरा म्हणाला, "अगं, ते आफ्रिकेतही गेलेले असतील. अलामेनलाही अशीच यादी आहे." खरं आहे. तिकडेही रस्ता असेलच.

सध्या मी मामेभावांना आळीपाळीने फोन करते. वही सापडली तर नंबर मिळेल, नंबर मिळाला तर भिंत कळेल. कासिनो निघालं तर गाडी मीच चालवणार, आणि ती गिअरचीच हवी, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय. ऑटोमॅटिकचा आग्रह त्याने धरला, तर त्याने ट्रेनने यावं.